कानानं ओळखायचा बिघाड

आमच्या जुन्नर भागात माल वाहणाऱ्या कुठल्याही लहान गाडीला सरसकट टेम्पोच म्हणतात. हे नाव आलं जर्मनीतून. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार करून बजाज टेम्पो कंपनी काढली आणि तीनचाकी मालगाडी आणली. पुढं मॅटेडॉर आली, १९८६ ला टाटांची ४०७ आली, २००५ ला छोटा हत्ती आला. पिकअपही आल्या. कांदा-टोमॅटो बैलगाडीतून उतरून या गाड्यांत चढला. त्यांच्या मागोमाग गावात मिस्त्री आला.

जुन्या मिस्त्रीकडं पाने-पक्कड असायचे, पण निदान व्हायचं कानानं. गाडी न्यूट्रलला चालू ठेवायची. क्लच दाबल्यावर आवाज येतो का सोडल्यावर? दाबल्यावर आला तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर आला आणि दाबल्यावर थांबला, तर गिअर बॉक्सच्या आतलं बेअरिंग. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर नळी लावतो तसं. ऑइल काढून दोन बोटांत चोळायचं. चकाकणारा कीस दिसला की दाते झिजले. प्लेट जळाली का, हे तर वासावरनंच कळायचं.

त्याआधी प्रश्न असायचे. "कधी होतंय? चढाला का उताराला? गाडी रिकामी असताना का भरलेली? सकाळी थंड असताना का तापल्यावर?" ड्रायव्हर नीट सांगू शकला नाही, तर मिस्त्री स्वतः शेजारी बसून चक्कर मारून यायचा. बॉक्स खोलायचा तो सगळ्यात शेवटी.

मग गाडीत कॉम्प्युटर आला आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागू लागला. या दिव्याचं मूळ अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातलं लॉस एंजेलिस शहर गाड्यांच्या धुरानं काळवंडलं होतं. तिथल्या सरकारनं कंपन्यांना भाग पाडलं, की गाडीनं स्वतःचा बिघाड स्वतः ओळखावा आणि चालकाला दाखवावा. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, सॉकेट वेगळं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना १६ पिनांचं एकच सॉकेट आणि मुख्य बिघाडांना एकच आकडे सक्तीचे झाले. तीच पद्धत धुराच्या नियमांबरोबर आपल्याकडं आली. देशभर बीएस-४ लागू झालं २०१७ ला, बीएस-६ झालं १ एप्रिल २०२० ला.

आमच्या जुन्या मिस्त्रीनं तोवर गॅरेज बंद केलं होतं. "दिव्याला कान लावून काय ऐकू?" असं म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरानं मात्र एक स्कॅनर घेतला.

माझ्या पुतण्याकडं २०१८ ची पिकअप आहे. नारायणगावला टोमॅटो भरून माळशेज घाटानं वाशीला जाते. दोन वर्षांपूर्वी ती मधेच दम टाकू लागली. काटा एकदम शून्यावर, दिवा चालू, गाडी ओढंना. थोड्या वेळानं आपोआप ठीक. शहरातल्या एका गॅरेजात स्कॅनर लावला, आकडा आला पी ०५००. म्हणजे गाडीच्या वेगाची खबर नीट येत नाही. ती खबर देणारा सेन्सर या गाडीत गिअर बॉक्सवर बसतो. तो बदलला, पैसे घेतले. चार दिवसांत दुखणं परत. आता बॉक्स खोलावा लागेल, म्हणाले. ऐन हंगामात गाडी आठवडाभर उभी म्हणजे शेतातला माल झाडालाच पिकणार.

पुतण्या पोराकडं गेला. पोरानं आधी विचारलं, "दादा, कधी होतंय? चांगल्या रस्त्याला का खड्ड्यात?" पुतण्या म्हणाला, "खड्ड्यातच जास्त." मग स्कॅनरवर चालता वेग लावून दोघं कच्च्या रस्त्यानं निघाले. आकडा चाळीस, चाळीस, खड्डा, शून्य, परत चाळीस. पोरगा म्हणाला, "आत काही बिघडलं नाही. वायर बघू."

त्या सेन्सरला तीन वायरी असतात. एक करंट आणणारी, एक अर्थची, एक खबर नेणारी. वायरिंगचा जुडगा बॉक्सवरच्या पत्र्याच्या क्लिपला घासून एका वायरीचं कव्हर गेलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. पोरानं तेवढा तुकडा कापला, नवीन जोडून डाग दिला, वर नळी चढवली. तासाभराचं काम. गाडी त्याच रात्री भरली.

आकडा कुठल्या गल्लीत जायचं ते सांगतो, घर सांगत नाही. सेन्सर, वायर, पिन, अर्थ, यातलं काहीही खराब झालं तरी आकडा तोच येऊ शकतो. म्हणून पोरगा आता बॅटरीची टोकं, अर्थ, प्लग, वायर असं बघत जातो आणि पार्ट शेवटी बदलतो. जुन्या मिस्त्रीची बॉक्स शेवटी खोलायची शिस्त ती हीच.

पण पोराला तो आकडा वाचता आला कशामुळं, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे. कायद्यानं ती भाषा सगळ्यांसाठी एक केली होती. जिथं कंपनीचे स्वतःचे आकडे आहेत, तिथं त्याचा स्कॅनर मुका होतो आणि भरलेली गाडी शहरात ओढून न्यावी लागते. टोमॅटोला तेवढी सवड नसते.