एल्विसच्या भजनाचा देवळाली थांबा

‘हाउ ग्रेट दाऊ आर्ट’ हे एल्विस प्रिस्लीच्या १९६७ साली निघालेल्या भक्तिगीतांच्या एलपीचे नाव. तबकडीच्या पहिल्या बाजूवरचे पहिले गाणेही तेच. आज ते एल्विसचे म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात त्याच्या गळ्यात उतरण्याआधी ऐंशी वर्षे ते भाषा बदलत फिरत होते, आणि त्या फिरस्तीत एकदा नाशिकजवळच्या देवळालीतही गायले गेले होते.

मूळ कविता स्वीडिश. मन्स्टेरोस या किनाऱ्यावरच्या गावचा कार्ल बोबर्ग या धर्मोपदेशकाला १८८५ साली घरी परतत असताना वादळाने गाठले. गडगडाट ओसरला, खाडी शांत झाली, पलीकडून चर्चची घंटा ऐकू आली. त्यावर त्याने नऊ कडवी लिहिली. पुढल्या वर्षी ती स्थानिक वृत्तपत्रात छापून आली. चाल त्याची नव्हे. कोणीतरी ती कविता एका जुन्या लोकगीताच्या चालीवर बसवली आणि कवीला ती गाणारे लोकच भेटले.

१९०७ मध्ये एस्टोनियातल्या मानफ्रेड फॉन ग्लेन यांनी तिचे जर्मन केले, जर्मनवरून इव्हान प्रोखानोव्ह यांनी रशियन. स्टुअर्ट हाइन या इंग्रज मिशनऱ्याने ते रशियन गीत पश्चिम युक्रेनमध्ये ऐकले. कार्पेथियन डोंगरांत हिंडताना त्याने इंग्रजी कडवी रचली. हा निव्वळ अनुवाद म्हणता येत नाही. घराकडे परतण्याविषयीचे शेवटचे कडवे तर बोबर्गच्या कवितेत नाहीच. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये आलेले निर्वासित ‘घरी कधी जायचे?’ असे विचारत, त्यातून ते सुचले. १९४९ मध्ये हाइनने गीत छापले आणि मिशनऱ्यांमार्फत ते पूर्वेकडे पसरले.

देवळालीची गोष्ट इथली. बेलफास्टचे धर्मोपदेशक एडविन ऑर यांनी तिथे हे गीत ऐकले ते नागा गायकांच्या तोंडून. नागा टेकड्या तेव्हा आसामात मोडत. गायकांनी स्वरांची जुळणी आपली आपणच केली होती. मेनोनाइट पंथाच्या एका मिशनऱ्याने ती लिहून घेतली होती. ऑर यांनी हे गीत १९५४ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या एका शिबिरात नेले. तिथून ते टिम स्पेन्सर या प्रकाशकाच्या हाती पडले आणि त्याने हक्क मिळवले. त्याच वर्षी लंडनमध्ये धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभांतले गायक जॉर्ज बेव्हर्ली शे यांच्या हाती या गीताचे छापील पत्रक आले होते. १९५७ च्या न्यूयॉर्कमधल्या सभांत शे यांनी ते इतक्यांदा गायले, की अमेरिकेत ते घरोघरी पोचले.

एल्विसने ते ध्वनिमुद्रित केले मे १९६६ मध्ये, नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओत. ट्युपेलोच्या चर्चमध्ये लहानपण गेलेल्या या गायकाला चौघाचौघांच्या गॉस्पेल चमूंचे वेड होते. त्याचा आवडता गायक जेक हेस या वेळी ‘इम्पीरियल्स’ या चमूबरोबर त्याच्याच मागे साथीला उभा होता. सुरुवात खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटल्यासारखी होते. धृपद येते तसा मागचा समूह भरत जातो आणि शेवटी आवाज पूर्ण ताकदीने वर चढतो. भपका आहे, पण खोटेपणा नाही. पहिली बाजू अशीच संथ चालते. तबकडी उलटली की टाळ्यांच्या ठेक्यातली गाणी सुरू होतात आणि रॉक अँड रोल कुठल्या घरातून आला ते कानांना कळते. शेवटचे ‘क्राइंग इन द चॅपल’ मात्र १९६० चे ध्वनिमुद्रण; १९६५ पर्यंत ते पडून होते.

या एलपीला १९६७ चे ग्रॅमी मिळाले. १९७२ च्या ‘ही टच्ड मी’ला दुसरे, आणि १९७४ मध्ये मेम्फिसच्या मैफिलीत गायलेल्या याच गाण्याला तिसरे. स्पर्धात्मक विभागांत एल्विसला मिळालेली ग्रॅमी एवढीच. रॉक अँड रोलसाठी एकही नाही.