७७ नंबरच्या पायांकडे बघा

२०१७चा मार्च महिना आहे आणि तुम्ही थाउजंड ओक्समध्ये आहात. लॉस एंजेलिसच्या वायव्येला असलेल्या या गावात, कॅलिफोर्निया लुथरन विद्यापीठाच्या आवारात, अमेरिकन फुटबॉलच्या रॅम्स संघाने तात्पुरत्या इमारती उभारून आपलं बस्तान मांडलंय. तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत तुमच्यासमोर सिनसिनाटी बेंगल्सचे मागच्या मोसमाचे सामने लावलेत. टीव्हीवर दिसतात तसे नव्हेत. हे चित्रण मैदानाच्या टोकाकडून, उंचावरून केलेलं आहे. समालोचन नाही, गलका नाही, चेंडूमागे पळणारा कॅमेरा नाही. रिमोट तुमच्या हातात आहे आणि शोधायचं एवढंच, की लेफ्ट टॅकल अँड्र्यू व्हिटवर्थमध्ये अजून किती खेळ उरलाय.

रॅम्सचा त्याच्याशी करार ९ मार्चला झाला. तीन वर्षांचा, तीन कोटी डॉलरच्या वरचा. माणूस ३५ वर्षांचा. नवे मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकव्हे ३१चे, म्हणजे खेळाडूच चार वर्षांनी थोरला. बेंगल्सने व्हिटवर्थला २००६ साली ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीत घेतलं, ११ मोसम खेळवलं आणि २०१५च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन्ही फेऱ्यांत टॅकलच निवडले. त्याच्या जागेवर बसवायला पोरं आणून ठेवली, असाच त्याचा अर्थ. त्याच वर्षी व्हिटवर्थ ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला.

रॅम्सची गरज किती मोठी आहे, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. २०१६मध्ये ४ विजय, १२ पराभव, आणि गुण अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने सात सामन्यांत सुरुवात केली, सातही हरले आणि त्यात तो २६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा धक्का त्याला दिसत नाही, म्हणून फळीच्या डाव्या टोकाला उभ्या राहणाऱ्या लेफ्ट टॅकलला एवढं मोल. त्या जागी होता ग्रेग रॉबिन्सन, २०१४च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा तरणाबांड गडी. ताकद अफाट, पण पाय आणि हात एकमेकांचं ऐकत नव्हते.

आता दिवा मालवा आणि एक स्नॅप, म्हणजे चेंडू मागे दिल्यापासूनची एक खेळी, लावा.

चेंडू हलतो. तुमची नजर सवयीने क्वार्टरबॅककडे जाते. तिला मागे ओढा. ७७ नंबर बघा. सहा फूट सात इंच, दीडशे किलोच्या आसपास. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद पोराच्या दंडांआधी त्याचा पवित्रा बघतो, तसं तुम्ही आधी पाय बघायचे. डावा पाय मागे आणि किंचित बाहेर सरकतो, उजवा त्याच्यामागे ओढला जातो, पुन्हा डावा. याला किक-स्लाइड म्हणतात. दोन पायांतलं अंतर कुठेही मोडत नाही. डोकं वर-खाली होत नाही. बाहेरून वळसा घालू बघणारा बचावपटू त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ आहे, पण त्याला मोठं वर्तुळ कापावं लागतंय आणि व्हिटवर्थ आतल्या छोट्या वाटेने त्याच्याआधी तिथे पोचतोय.

मागे घ्या. पुन्हा लावा, आता फक्त हात. नवखा टॅकल दोन्ही हात एकदम फेकतो आणि हुकला की तोंडावर पडतो. व्हिटवर्थ एकच हात टाकतो, छातीच्या मधोमध. दुसरा राखून ठेवतो. समोरच्याने पहिला हात झटकला की दुसरा पोचलेला असतो. पुढच्या खेळीत सरळ छातीवर चाल येते. तो एक पाऊल देतो, दुसरंही देतो, मग कंबर खाली बसते आणि तिथून पुढे तो हलत नाही. मागे क्वार्टरबॅकला काही घडल्याचा पत्ताही नाही.

आणखी एक लावा, कारण वय दिसणार असेल तर इथे दिसेल. दोन बचावपटू ऐनवेळी वाटा बदलतात, बाहेरचा आत घुसतो, आतला बाहेर येतो. टॅकलने पहिल्याचा पाठलाग केला तर दुसरा मोकळा सुटतो. व्हिटवर्थचे खांदे वळत नाहीत. तो पहिल्याला शेजारच्या गार्डच्या अंगावर ढकलतो आणि नजर आधीच दुसऱ्यावर असते. ही समज कवायतीतून येत नाही, हजारो स्नॅप खेळल्यावर येते. वहीत लिहा. हेही लिहा, की सामन्याच्या शेवटच्या पाव भागात एखादा खरा वेगवान गडी त्याला अर्धं पाऊल मागे टाकतो. नजरेआड करू नका. ३५ वर्षांच्या गुडघ्यांवर तीन वर्षांचा करार आहे.

मला विचाराल तर या खोलीतला सर्वांत मोठा धोका म्हणजे जन्मतारीख. ती कागदावर आधी दिसते आणि मग पडद्यावरचं प्रत्येक पाऊल संथ वाटायला लागतं.

जुलै संपतोय. तुम्ही अर्व्हाइनला, तिथल्या विद्यापीठाच्या हिरवळीवर शिबिरात उभे आहात. रॉबिन्सनला जूनमध्येच डेट्रॉइटला धाडलंय. बचावपटू ॲरन डोनाल्ड करारावरून अडून बसल्यामुळे शिबिरात नाही, म्हणजे सर्वांत कठीण परीक्षक गैरहजर. एकास एक सरावात टॅकलला मदतीला कुणी नसतं, तिथे म्हातारे पाय झाकता येत नाहीत. पण तुम्ही सराव संपल्यानंतरही थांबा. सेंटर जॉन सलिव्हनलाही यंदाच आणलंय, तोही मुरलेला. या दोघांमध्ये डावा गार्ड रॉजर सॅफोल्ड. बोलणं सतत चालू असतं, स्नॅपच्या आधीचं: कोण कुणाला घेणार, मधला सुटला तर काय. मागच्या वर्षी हाच चेंडू होता, पण या बाजूला अशी भाषा नव्हती. पाच जणांच्या फळीत एक जण कितीही चांगला असला, तरी शेजाऱ्याला त्याचा इरादा कळला नाही तर भोक पडतंच.

१० सप्टेंबर. कोलिजियम, जिथे १९३२ आणि १९८४ची ऑलिम्पिक झाली. रिकाम्या रांगा भरपूर आहेत. मागच्या वर्षीचा मोसम लोक विसरलेले नाहीत. समोर इंडियानापोलिस कोल्ट्स. आजूबाजूचे सगळे चेंडू बघताहेत. तुम्ही गॉफचे पाय बघा. ते स्थिर आहेत. मागच्या डिसेंबरात हा पोरगा फेकण्याआधीच डावीकडे डोळा टाकत होता. आज तो पायरी घेतो, वर येतो, पुढे बघतो. फेकीचे ३०६ यार्ड, आणि रॅम्स ४६-९ जिंकतात.

मोसम संपतो तेव्हा गॉफ १५ सामन्यांत २५ वेळा सॅक झालेला असतो, मागच्या वर्षी सातांत २६. संघ ११ सामने जिंकतो आणि गुणांत लीगमध्ये तळातून थेट पहिला येतो. रनिंग बॅक टॉड गर्ली १,३०५ यार्ड धावतो. हे सगळं एकट्या व्हिटवर्थने केलं असं मी म्हणणार नाही; मॅकव्हेंची आखणी होती, नवे रिसीव्हर होते. पण ३६व्या वर्षी तो पुन्हा ऑल-प्रोच्या पहिल्या संघात आहे, आणि तुमच्या वहीतल्या त्या अर्ध्या पावलाची किंमत संघाला मोजावी लागलेली नाही.

आता थेट १३ फेब्रुवारी २०२२, इंगलवूड, सोफाय स्टेडियम. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. समोर बेंगल्सच. तीन वर्षांचा करार कधीच उलटून गेलाय, मधल्या काळात गुडघ्याचे अस्थिबंध दुखावलेत, आणि ४० वर्षांचा व्हिटवर्थ डाव्या टोकाला त्याच पवित्र्यात बसलाय. पलीकडे बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याला सात वेळा खाली पाडलं जातं. सुपर बोलमधल्या सर्वाधिक आकड्याशी ती बरोबरी. रॅम्स २३-२० जिंकतात. महिन्याभराने व्हिटवर्थ निवृत्ती जाहीर करतो. त्याची जागा जो नोटबूमला मिळते. हा पोरगा २०१८ पासून त्याच्या हाताखाली आहे, आणि जानेवारीत प्लेऑफमध्ये टाम्पाविरुद्ध, व्हिटवर्थ जायबंदी असताना, डाव्या टोकाला तोच उभा राहिला होता.