पांढऱ्या ठिपक्यांची पारख

टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले की आजचे डॉक्टर आधी स्ट्रेप्टोकोकस जंतूचा किंवा एखाद्या विषाणूचा विचार करतात. कधी ती बुरशी निघते, कधी टॉन्सिलच्या खळग्यांत साचून घट्ट झालेले खडे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र असा ठिपका पाहून आईबापांच्या पोटात गोळा येई, कारण घटसर्पही तिथूनच सुरू व्हायचा. करडा-पांढरा पापुद्रा पसरत श्वासनलिकेपर्यंत जायचा आणि मूल गुदमरायचे. त्यातून वाचले, तरी जंतूचे विष हृदयावर घाला घालायचे.

स्पेनमध्ये 1613 हे सालच गळा आवळणाऱ्या या रोगाचे साल म्हणून ओळखले गेले.

फ्रान्समधल्या तूर शहरात 1818 मध्ये साथ आली, तेव्हा पिएर ब्रतोनो यांनी शवविच्छेदनांतून हा पापुद्रा बारकाईने तपासला. हा स्वतंत्र रोग आहे, असे त्यांनी 1826 मध्ये ठामपणे मांडले. त्याआधीच, 1825 मध्ये, श्वासनलिकेला छेद देऊन त्यांनी एका मुलीचा जीव वाचवला होता. तरीही नुसत्या नजरेने निदान फसायचेच. फ्रीडरिश लोफ्लर यांनी 1884 मध्ये घटसर्पाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवला, तेव्हा घटसर्प समजल्या गेलेल्या काही घशांत तो सापडलाच नाही आणि एका धडधाकट मुलाच्या घशात मात्र सापडला!

या शोधाचा खरा उपयोग करून दाखवला तो न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने. 1893 मध्ये हर्मन बिग्ज आणि विल्यम पार्क यांनी शहरातल्या औषधदुकानांत नमुना घेण्याच्या नळ्या ठेवल्या. डॉक्टरांनी मुलाच्या घशातून कापसाचा बोळा फिरवायचा, नळी दुकानात द्यायची. खात्याची माणसे ती घेऊन जात, रात्रभर उबेत जंतू वाढत आणि दुसऱ्या दिवशी उत्तर मिळे. तेही फुकट. गरिबाच्या मुलाचे निदानही प्रयोगशाळेत व्हावे, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी एमिल रू यांनी घोड्यांच्या रक्तापासून केलेल्या प्रतिविषाचे पॅरिसमधले निकाल जाहीर केले. रुग्णालयातले घटसर्पाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. या उपचाराचा पाया घालणारे एमिल फॉन बेरिंग 1901 मध्ये वैद्यकशास्त्राच्या पहिल्या नोबेलचे मानकरी ठरले.

पण औषध असून भागत नाही, ते वेळेवर हाताशी असावे लागते. अलास्कातल्या नोममध्ये 1925 च्या हिवाळ्यात डॉ. कर्टिस वेल्च यांना सुरुवातीचे रुग्ण टॉन्सिलच्या दुखण्याचेच वाटले. घटसर्प ओळखू आला तेव्हा त्यांच्याकडचे प्रतिविष मुदतबाह्य झालेले होते. कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांचे वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हाडे गोठवणाऱ्या थंडीत 1,085 किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत कापून ताजे प्रतिविष नोमला आणून पोचवले.

भारतात 1978 पासून त्रिगुणी लस सरकारी लसीकरणात आली आणि घटसर्प पुष्कळ मागे हटला, संपला मात्र नाही. लसीकरण पोचले नाही तिथे तो परततो. 2017 च्या अखेरीस बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांत तो पसरला, तेव्हा जगभरातच प्रतिविषाचा साठा तुटपुंजा होता. कोणत्या रुग्णाला ते आधी द्यायचे, याची निवड तिथल्या डॉक्टरांना करावी लागली.