पंचाची ताकीद

नियमभंग घडण्याआधी, किंवा घडला तरी त्याची शिक्षा लागू होण्याआधी, पंचाने खेळाडूला दिलेली तोंडी अथवा खुणेची समज. पंचाने ती द्यावी की मुकाट्याने नियमभंग होऊ द्यावा आणि मग शिक्षा करावी, हा क्रीडाक्षेत्रातला जुना वाद आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तो कुस्तीच्या निमित्ताने विशेष नीट पाहता येतो. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 2005 साली इंदापूरला आणि 2006 साली बारामतीला झाली. पहिल्या ठिकाणी सईद चाऊस आणि दुसऱ्या ठिकाणी अमोल बुचडे मानकरी ठरले. याच गावांच्या आसपास जत्रा-यात्रांत भरणारे कुस्त्यांचे हगामेही आहेत. म्हणजे छापील नियमांची गादीवरची कुस्ती आणि पंचाच्या शब्दावर चालणारी मातीतली कुस्ती एकाच प्रेक्षकाला परिचित आहे, आणि ताकिदीचे दोन निराळे प्रकार त्याच्या डोळ्यांसमोर असतात.

हगाम्यात पारंपरिक कुस्तीला गुण नसतात. पाठ टेकली की निकाल, नाहीतर बरोबरी. त्यामुळे खरा प्रश्न फाऊलचा नसून खडाखडीचा असतो. दोन्ही मल्ल मनगटे झटकत, मानेला हात घालत फिरत राहतात, हलगी घुमत असते आणि कुस्ती मात्र लागत नाही. अशा वेळी पंच जवळ जातो, दोघांच्याही पाठीवर थाप मारतो आणि ‘कुस्ती करा’ म्हणतो. पुन्हा तेच दिसले तर आवाज चढतो. तरीही काही होत नसेल तर तो जोड सोडवतो, आणि निकाली कुस्तीसाठी लावलेल्या इनामाचे काय करायचे हे यात्रा कमिटीच्या माथी येते. इथे ताकीद म्हणजे पंचाची मेहेरबानी नव्हे, त्याच्या कामाचाच तो मुख्य भाग आहे. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये : थाप दोघांच्याही पाठीवर पडते आणि शब्द कड्यावर बसलेल्यालाही ऐकू जातो. ताकीद न्याय्य आहे की नाही याची कसोटी येथेच सापडते. ती आधी दिली की नंतर, यापेक्षा ती उघडपणे, सारख्या मापाने आणि पुढे काय होणार हे ठरवून दिली की नाही, हे पाहायला हवे.

गादीवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हीच गोष्ट लेखी केली आहे. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या कडेला एक मीटर रुंदीचा नारिंगी पट्टा असतो. मल्ल त्या पट्ट्यात शिरले की गादीवरच्या पंचाने मोठ्याने ‘झोन’ म्हणायचे असते. अजून कोणी बाहेर गेलेले नसते, गुणही कोणाला मिळालेला नसतो. नियमभंग होण्यापूर्वी सावध करणे हे या पंचाचे नेमून दिलेले काम आहे, आणि लाल असो की निळा, दोन्ही मल्लांना ते एकाच शब्दात ऐकू येते. निष्क्रिय कुस्तीचेही तसेच. फ्रीस्टाइलमध्ये बचाव करत राहणाऱ्या मल्लाला आधी तोंडी समज मिळते. पुन्हा तसेच घडले तर तीस सेकंदांची मुदत लागते आणि त्या मुदतीत कोणीच गुण मिळवला नाही, तर प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गुण जमा होतो. पंचाला वाटले म्हणून दिलेली सवलत इथे उरलेली नाही. पायऱ्या मोजलेल्या आहेत, आणि पुढची पायरी कोणती हे मल्लाला, त्याच्या वस्तादाला आणि प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते.

यावर पहिला आक्षेप असा की ताकीद म्हणजे पंचाने केलेली शिकवणी. चूक करू पाहणाऱ्याला सावरायचे, तर नियम पाळून खेळणाऱ्याने काय पाप केले? आक्षेप खरा आहे, पण तो कुजबुजीला लागू पडतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज ‘पाय कुठे पडतोय?’ असे पंचाला विचारतो आणि पंच ‘जवळ आलाय, सांभाळ’ असे सांगतो. फेब्रुवारी 2020 मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात झालेल्या रणजी सामन्यासारख्या चार दिवसांच्या खेळात ही रीत कोणाला वावगी वाटत नाही. तरीही एका गोलंदाजाला सांगायचे आणि दुसऱ्याला नोबॉल द्यायचा, हा भेद पंचाच्या स्वभावावर सोडणे बरे नाही. त्याच खेळात खेळपट्टीच्या संरक्षित भागात धावत जाणाऱ्या गोलंदाजाची व्यवस्था पाहावी : पहिली समज, मग अखेरची समज आणि तिसऱ्या वेळी त्या डावात पुन्हा गोलंदाजी नाही. समज मिळाल्याचे कर्णधाराला आणि फलंदाजांनाही कळवायचे असते. या दुसऱ्या रीतीवर पक्षपाताचा आरोप करणे अवघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पहिली चूक फुकट मिळणार हे कळले की खेळाडू ती हिशेबात धरतात. धावण्याच्या शर्यतींनी याचा धडा घेतला आहे. 2003 पासून संपूर्ण शर्यतीला मिळून एक चुकीची सुरुवात माफ होती. ती कोणीही केली तरी ताकीद सर्वांना, आणि पुढची चूक करणारा बाद. परिणाम असा झाला की मंद सुटणारे धावपटू मुद्दाम आधी हलत आणि चपळ सुटणाऱ्यांचे पाय बांधून टाकत. 2010 पासून ही माफी रद्द झाली, आणि 2011 च्या दैगू येथील जागतिक स्पर्धेत 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत उसेन बोल्टच पहिल्या चुकीला बाद झाला. यावरून ताकीदच नको असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. प्रत्यक्षात त्या नियमात बिघाड होता तो चूक एकाची आणि ओझे सर्वांवर, या वाटणीत. चालण्याच्या शर्यतीत आजही पंच पिवळा फलक दाखवून त्या एका स्पर्धकाला सावध करतो आणि लाल कार्डांची मोजणी वेगळी ठेवतो. कबड्डीतही हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसवणारे आणि लाल उरलेल्या सामन्याला मुकवणारे. ज्याची चूक त्याच्याच नावावर ताकीद चढली, की तिचा डाव म्हणून वापर करता येत नाही.

ताकीद पंचाकडून काढून खेळाडूंच्या शिष्टाचारावर सोडली तर काय होते, याचे उदाहरण भारतीय क्रिकेटनेच पुरवले आहे. विनू मांकड यांनी 1947 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चेंडू टाकला जाण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाची क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊन यांना आधी समज दिली, त्याच सामन्यात धावबाद केले, आणि पुढे डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत पुन्हा तसेच बाद केले. टीका तरीही थांबली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला असेच बाद केल्यावर भारतीय बाजूने समज दिल्याचे सांगितले आणि इंग्लंडच्याच हीदर नाइटने ती दिलीच नसल्याचे म्हटले. क्रिकेटच्या कायद्यात अशा समजेची अट नाही. त्याच वर्षी हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातला गेला. दिली की नाही यावरच भांडण व्हावे, अशी ताकीद नसलेली बरी.

मर्यादाही सांगायला हव्यात. सांधा मोडू शकणारी बेकायदा पकड धरली जात असताना मल्लाला समजावत बसणे म्हणजे दुसऱ्याचा हात पणाला लावणे. तेथे पकड सोडवून लगेच शिक्षा हाच मार्ग आहे. आणि निकाल वस्तुस्थितीचा असेल तेथे ताकीद निरुपयोगीच ठरते. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या गादीवरील लढतीत पाठ टेकली की नाही, यावरून वाद पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत पोहोचला. राक्षे आणि त्याच स्पर्धेतील मल्ल महेंद्र गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. अशा प्रसंगी लागते ते चित्रफीत पाहण्याचे साधन आणि दाद मागण्याची सोय. आधीच्या गोड बोलण्याने तो वाद टळला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे.

हगाम्यात तालमीतल्या लहान पोरांच्या कुस्त्या सुरुवातीला लागतात, आणि तेथे ताकिदीचा हात सैल ठेवण्याला अर्थ आहे, कारण पोराला नियम त्या मातीतच कळत असतात. मोठ्या इनामाच्या जोडीला तोच सैल हात घातक ठरतो. जोड लावण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून खडाखडीची मुदत आणि समजेची संख्या सांगितली, तर जत्रेतल्या पंचालाही गादीवरच्या पंचाइतकेच भक्कम पाठबळ मिळते. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही, पुकारा करणारा माणूस तेथे हजर असतोच.