राजा गेला, देशमुखी राहिली

दरवर्षी १७ सप्टेंबरला परभणीत झेंडावंदन होते. आम्हीही त्यात उभे राहतो. निजामाची राजवट गेली याचा आनंद आमचाही आहे. पण एक प्रश्न आम्ही दरवर्षी विचारणार : १९४८ साली राजा गेला, मग गावातला देशमुख जागच्या जागी कसा राहिला?

राजाविरुद्धची लढाई जहाल केव्हा होते? तळातला माणूस "जमीन कोणाची?" असे विचारू लागतो तेव्हा. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाल्याची घोषणा झाली. पण जमिनीवरचे बरेच हक्क शेतकऱ्यांनी पैसे मोजून सोडवून घ्यायचे होते. शेतकरी अडून बसले. शेवटी जुलै १७९३ मध्ये ते हक्क विनामोबदला रद्द झाले.

हैदराबाद संस्थानात हे घडले ते तेलंगणात. तिथली लढाई वेठबिगारीविरुद्ध पेटली. ४ जुलै १९४६ रोजी जमीनदाराच्या माणसांच्या गोळीने दोड्डी कोमरय्या पडले. परीट समाजातल्या चाकली ऐलम्मा आपल्या पिकासाठी देशमुखापुढे उभ्या ठाकल्या. चळवळ जमीनवाटपापर्यंत पोचली. मग निजामाला पाच दिवसांत शरण आणणारे सैन्य याच शेतकऱ्यांवर चालून गेले. ती लढाई १९५१ पर्यंत चालली. निजाम मात्र १९५० ते १९५६ राजप्रमुख म्हणून मानाने बसला!

आणि मराठवाड्यात? स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केले, सरहद्दीवर कॅम्प उभारले, करोडगिरीची नाकी उडवली. त्या त्यागाबद्दल शंका नाही. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला जमीन, हा त्या लढ्याचा मुख्य मुद्दा झाला नाही. १९५० च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले. आमच्या वस्तीतले बहुतेक लोक तर कूळही नव्हते, सालगडी होते.

आम्हाला ऐकवले जाते, "तुमचे लोक निजामाकडे होते." बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते, हे आम्ही लपवत नाही. पण निजामाची बाजू घेऊ नका, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीर बजावले होते. त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला : राजकीय समता आली आणि सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली, तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाही उधळून लावतील.

अर्धवट राहिलेली ती लढाई दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी हाती घेतली. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. निर्णय कागदावर आहे. सातबारा किती जणांच्या हातात आहे?

तरुण मित्रांनो, यंदा झेंडावंदन करून घरी जाऊ नका. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गाठा, गायरानावरच्या ताब्याचे जुने पुरावे जमवा, तहसीलची पायरी चढा. आमचा मुक्तिसंग्राम अजून संपलेला नाही.

जय भीम!