पूर्वतयारीचे कुंपण

शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. विषय 'निवडणे' म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा तेथून उत्तरेला चालत जाण्याच्या अंतरावर, हार्लेममध्ये सिटी कॉलेज उभे होते. १८४७ साली स्थापन झालेले, फी न घेणारे कॉलेज. पुढे हार्लेम काळ्यांची वस्ती झाली, तरी कॉलेज बव्हंशी गोऱ्यांचेच राहिले. एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा दक्षिण भाग ताब्यात घेतला. तेव्हा कुठे १९७० पासून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील प्रत्येक शालान्त उत्तीर्ण मुलाला दार उघडले.

दार उघडले, पण आत कुंपण होते. चाचणीत कमी पडलेल्याला 'पूर्वतयारी'च्या बीजगणितात बसवीत. त्याचे गुण पदवीला धरायचे नाहीत, आणि ते सुटल्याशिवाय कॉलेजचे गणित नाही. ज्याला समाजशास्त्र शिकायचे, त्यालाही तेच बीजगणित! कित्येक जण तेथूनच घरी गेले आणि गुणवत्तेचे पहारेकरी म्हणत राहिले, 'पाहा, यांना झेपत नाही.' (हे वाक्य आपल्या स्टाफरूममध्येही ऐकू येते.) १९७६ मध्ये फीही आली.

झेपत नाही म्हणजे नेमके काय, हे याच विद्यापीठाने २०१३ मध्ये तपासले. चाचणीने 'कच्चे' ठरवलेले ९०७ विद्यार्थी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचे पूर्वतयारीचे बीजगणित. दुसऱ्याला तेच, पण जोडीला दर आठवड्याला सरावाचा तास. तिसऱ्याला थेट कॉलेजच्या दर्जाचे संख्याशास्त्र, तसाच तास जोडून. पहिल्या गटात शेकडा ३९ उत्तीर्ण झाले, दुसऱ्यात ४५, तिसऱ्यात ५६. तिसऱ्या गटातही शंभरातले चव्वेचाळीस अडकलेच, हे लपवण्यात अर्थ नाही. संख्याशास्त्र सोपे असते, असाही आक्षेप निघेल. असेल, पण ते पदवीला धरले जाणारे गणित होते, आणि ते सोडवणारी मुले चाचणीच्या लेखी त्या वर्गात बसायलाही लायक नव्हती. मग ती चाचणी मोजत तरी काय होती?

स्वतंत्र पूर्वतयारीचे वर्ग सिटी युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये बंद केले. म्हणजे प्रवेश खुला झाल्यानंतर बावन्न वर्षांनी.