इतिवृत्ताची लेखणी

सभा हा बोलण्याचा व्यवहार असला, तरी तिचा इतिहास लिहिण्यातूनच उरतो. बोललेले विरून जाते, इतिवृत्त राहते. सामूहिक निर्णयाच्या कामी संगणक कसा आला, याची हकिगत बहुधा यंत्रांच्या अंगाने सांगितली जाते. आम्हांला ती लेखणीच्या अंगाने पाहावीशी वाटते. सभेत काय ठरले हे कोण लिहितो आणि लिहिलेले खरे आहे याची साक्ष कोण देतो, हे दोन प्रश्न त्या हकिगतीच्या मुळाशी आहेत.

मराठी मुलखाला हे प्रश्न नवे नाहीत. गोतसभेत वतनाचा वा हद्दीचा तंटा निवडला जाई, तेव्हा त्या निवाड्याचा महजर होत असे. त्यात सभेला बसलेल्यांची नावे येत आणि लिहिता न येणारे आपली निशाणी करीत. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची दौत-लेखणी आणि इतरांच्याही आपापल्या व्यवसायाच्या खुणा तिथे दिसतात. महजर हा मूळचा अरबी शब्द आपल्या नेहमीच्या ‘हजर’ या शब्दाशी एकाच धातूने जोडलेला आहे. म्हणजे दस्तऐवजाच्या नावातच उपस्थिती आहे. लेखणी एकाच्या हाती असली, तरी कागदाला बळ येई ते हजर असलेल्यांच्या निशाण्यांमुळे.

आता संगणकाकडे येऊ. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी एक प्रात्यक्षिक दाखवले. त्यात दूरच्या प्रयोगशाळेतील सहकारी आणि ते स्वतः एकमेकांना पडद्यावर पाहत एकाच मजकुरावर काम करीत होते. १९७१ साली अमेरिकन सरकारने वेतन आणि किमती गोठवल्या, तेव्हा विखुरलेल्या कार्यालयांना एकत्र विचार करता यावा म्हणून मरे टुरॉफ यांनी संगणकीय परिषदेची प्रणाली उभी केली. पुढे १९८०च्या दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठात जे नुनामेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभेची खोलीच संगणकांनी सजवली. प्रत्येकासमोर कळफलक असे. सर्वांनी एकाच वेळी आपले म्हणणे टंकित करावे, ते निनावी पडद्यावर यावे आणि मग मतदानाने त्याचा क्रम लावावा, अशी ती रीत होती.

या निनावीपणाचे मर्म आपल्याकडच्या कोणत्याही सभेत बसलेल्याला चटकन कळेल. वरिष्ठ बोलले की कनिष्ठ गप्प बसतात, आणि विचार कोणाचा आहे हे पाहूनच त्याची किंमत ठरते. अ‍ॅरिझोनात नाव झाकून यावर उपाय शोधला गेला. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने याच दुखण्यावर वेगळा इलाज केला: ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद. तिथे यंत्राने बोलणारा झाकला, इथे कायद्याने बोलणारीसाठी जागा मोकळी केली. दोन्ही उपायांची वाट वेगळी असली तरी निदान एकच आहे. सभेतील मौनाला पुष्कळदा विचारांच्या अभावापेक्षा सत्तेची उतरंडच अधिक कारणीभूत असते.

आता लेखणीही यंत्राच्या हाती येत आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ ही प्रणाली सुरू केली. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण तिच्यात भरले की ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. आधी लिहून ठेवलेले इतिवृत्त आणि नंतर भरवलेली सभा, या जुन्या रोगावर हा उतारा ठरू शकेल. त्याचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु यंत्राला लिहिण्यासाठी आधी सभा असावी लागते. चिकलठाण्याचेच उदाहरण घेऊ. विमानतळ आणि औद्योगिक वसाहत यांमुळे हे नाव सर्वांना ठाऊक आहे. एकेकाळचे हे खेडे आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. गाव शहरात आले की रस्ता रुंद होतो, पण प्रत्येक मतदाराला हक्काने बसता येणारी ग्रामसभा संपते. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे १९८२ साली महानगरपालिका झाली. तिच्यात नागरिकाच्या वतीने नगरसेवक बोलतो. एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. दूरस्थ सभा घराघरांत पोहोचली ती नेमकी याच वर्षांत. पडदा आला तेव्हा त्यावर दिसावे असे सभागृहच नव्हते.

याच वसाहतीतील एखाद्या कंपनीचे उदाहरण शेजारी ठेवले की विसंगती उघड होते. २०१३च्या कंपनी कायद्याने संचालकांना दृक्‌श्राव्य माध्यमातून मंडळाच्या सभेस बसण्याची मुभा दिली. नियम असा की सभेनंतर पंधरा दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा प्रत्येक संचालकाकडे जावा आणि त्याने सात दिवसांत आपले म्हणणे कळवावे. म्हणजे भांडवलाच्या सभेत लेखणी यंत्राजवळ गेली, तरी साक्षीचा हक्क कायद्याने जपला. कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या नागरिकाला मात्र तो हक्क प्रतिनिधीमार्फतच मिळतो, आणि प्रतिनिधी नसेल तर तोही नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष घालावे, असे आम्हांस वाटते. इतिवृत्त हा गद्याचा दुर्लक्षित प्रकार आहे. त्यातील ‘सर्वानुमते’ हा शब्द किती मतभेद गिळतो, ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत कोणाचा आवाज बुडतो, हे ओळखण्याची नजर आपल्या विद्याशाखेकडे आहे. यंत्र सार काढते तेव्हाही वगळण्याचा निर्णय होतच असतो, फक्त तो घेणारा दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक विषयपत्रिकेवर पहिला असणारा आणि सर्वांत घाईने उरकला जाणारा विषय आता महत्त्वाचा ठरेल: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मसुदा यंत्राने करावा, पण तो मोठ्याने वाचला जावा, हजर असलेल्यांनी तो ऐकावा आणि मगच आपली निशाणी करावी.